गोधडीच्या खोलीतले टिपणीस सर

टिपणीस सर बोलणाऱ्याकडे कधी बघत नसत. विद्यार्थी बोलायला लागला की ते डोळे मिटायचे, मान जराशी डावीकडे कलवायचे आणि गळ्यातल्या मफलरचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहायचे. मे महिन्यातही तो मफलर गळ्यात असायचा. नव्या मुलांना वाटायचं, सरांना झोप लागली. बोलणं संपलं की सर डोळे न उघडताच सांगायचे, "तिसऱ्या वाक्याला तुम्ही खाली बघितलंत. आवाज जमिनीवर पडला."

ते खरं असायचं. आणि आम्ही तर त्यांच्याकडे पाठ करून उभे असायचो. त्यांच्या वर्गात फळ्यासमोर येऊन भिंतीकडे तोंड करून बोलायचं अशी पद्धत होती. "गिऱ्हाईक तुमचा चेहरा बघणार नाही," सर म्हणायचे, "पण तुमचं हसू त्याला ऐकू जातं. भिंतीकडे बघून हसता आलं पाहिजे." त्यासाठी त्यांनी कल्याण स्टेशनाबाहेरून प्लास्टिकच्या चौकटीचे छोटे गोल आरसे आणले होते, प्रत्येकाला एक. आरसा भिंतीला लावायचा आणि आपलं तोंड बघत बोलायचं. माझा आरसा गुलाबी होता.

आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात सर प्राध्यापक नव्हते. नोकरीच्या तयारीचा एक वर्ग होता, तो ते घ्यायचे. आम्ही त्याला बोलायचा क्लास म्हणायचो. सरांबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. त्यांच्याविषयी वाईट लिहायचं म्हटलं तरी मला त्यांनी शिकवलेलीच वाक्यं आठवतात.

मी कल्याणला राहते. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई गोधड्या शिवते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बारावीच्या पुढे शिकणारी घरात मीच पहिली. कुठला फॉर्म भरायचा, मुलाखतीला काय घालून जायचं, हे घरी विचारण्यासारखं कोणी नाही. त्यामुळे सर जे सांगतील ते मी वहीत उतरवून घ्यायचे. 'जग बदलतं तेव्हा आधी पत्र पाठवत नाही.' 'इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका, ऐकू येतं ना तेवढं बघा.' 'सही करायच्या आधी कागद वाचा. कागद वाचायच्या आधी, तो देणाऱ्याचं तोंड वाचा.' हे शेवटचं तर मी लाल पेनाने लिहिलंय.

सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. विशीतल्या पोरांनासुद्धा. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "अंकिता, तुम्ही या पुढे." मला वाटलं, मागे कोणी मॅडम उभ्या आहेत. मी मागे वळून बघितलं तर सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "तुम्हीच. ज्याला घरात मान मिळत नाही त्याला तो दुसऱ्याला देता येत नाही. सवय करून घ्या." घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसानं तुला अहो केलं?" वडील जेवत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी यार्डातल्या दोघातिघांना सांगितलं, हे मला नंतर कळलं.

माझी एक खोड आहे. काहीही विचारलं की मी आधी "अं… एक मिनिट हं, बघते" म्हणते. मग उत्तर देते. शाळेपासून यावरून बोलणी खाल्ली. अकाउंटच्या मॅडम तर म्हणायच्या, तुझं एक मिनिट कधी संपणार. सरांनी मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे उघडले. वर्गात त्यांनी डोळे उघडले की काहीतरी विशेष घडलंय असं समजायचं.

"पुन्हा म्हणा."

मी म्हटलं.

"हे कधी काढू नका," सर म्हणाले. "इथे माणूस आहे. बाकी सगळं कुणीही शिकेल."

मला कुणी माझ्या कुठल्या गोष्टीसाठी असं आधी म्हटलं नव्हतं. मी ते वहीत लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

वर्गात भावेश नावाचा मुलगा होता, खाडीकडच्या गावातला. त्याचे आजोबा मिठागरात कामाला होते. आता त्यांच्या शेताच्या जागेवर बिल्डिंगा आहेत आणि भावेशच्या घरी दोन गाड्या. तरी त्याला नोकरी हवी होती. "बापाचे जागेवर किती दिवस बसून खाचा," असं तो म्हणायचा. एकदा सरांनी त्याच्याबरोबर संवाद केला. सर झाले परदेशातली एक म्हातारी. नातीच्या वाढदिवसाचा फ्रॉक वेळेवर आला नाही म्हणून ती फोनवर भांडतेय. सरांनी आवाज इतका हुबेहूब काढला की मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. भावेश भिंतीकडे तोंड करून उभा. पहिल्यांदा सॉरी म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाला. म्हातारी ऐकेचना. शेवटी तो आरशात बघूनच ओरडला, "अगो बाय, एका फ्रॉकासाठी कोन मरत नाय. तुझे नातीला काल बी कपडे होते ना?"

वर्ग हसून कोसळला. भावेश मान खाली घालून म्हणाला, "सर, ता गोड बोलाचा मना नाय जमत."

"जमेल," सर म्हणाले. "पण हे आता बोललात ना, हे रागाचं, तेही आपण रेकॉर्ड करून ठेवू. अगदी असंच."

आम्हाला वाटलं, त्याची चूक त्याला ऐकवायची असेल.

आमचा सराव रेकॉर्ड करायला सरांनी जुन्या केमिस्ट्री लॅबच्या मागची सामानाची खोली मागून घेतली होती. तिथे ॲसिडचा वास होता आणि आवाज घुमायचा. भिंतींना काहीतरी जाड लावायला हवं होतं. फोमचे तक्ते महाग. सरांनी वर्गात विचारलं, "कुणाच्या घरी जुन्या गोधड्या आहेत का?" आठ-दहा आल्या. माझ्या आईने जुनी दिली नाही. म्हणाली, "सरांना जुनेर कसं द्यायचं?" तिने पंधरा दिवस बसून नवी शिवली, तिच्या लग्नातल्या हिरव्या साडीचा काठ चारी बाजूंनी लावून. ती गोधडी सरांनी दाराच्या आतल्या बाजूला टांगली. दार लावलं की ती बरोबर बोलणाऱ्याच्या तोंडासमोर यायची. तेव्हापासून त्या खोलीला सगळे गोधडीची खोली म्हणायला लागले.

तिथे एकेकाने जाऊन बसायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि कागदावरची वाक्यं वाचायची. मराठी, हिंदी, इंग्रजी. गावांची नावं. आकडे. "तुमचं पार्सल नाशिकला पोचलंय." "तुम्हाला झालेला त्रास मी समजू शकते." तेच वाक्य आनंदाने, मग थकून, मग घाईत. बाहेर आलो की सर मफलरच्या घडीतून ज्येष्ठमधाची डबी काढून एक काडी हातावर ठेवायचे. "गळा जपा. तोच तुमचा सातबारा." वर्षभर आम्ही हे केलं. कितीदा तरी मी दुपारचा डबा न खाता आत बसलेय. माझं आईच्या गोधडीकडे बघून वाचणं चांगलं होतं, असं सर म्हणायचे. वाचताना एकदा मध्येच माझं ते 'एक मिनिट हं, बघते' निघून गेलं, तेव्हाही सर पुन्हा म्हणाले होते, "हे काढू नका."

सुरुवातीलाच एकदा सह्यांचे कागद आले होते. चार पानं, बारीक अक्षर. सर एरवी साबणाच्या वेष्टनावरचं बारीक अक्षरही आम्हाला मोठ्याने वाचायला लावायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "रेकॉर्डिंगच्या हजेरीचा कागद आहे, खाली सही करा." आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. आम्ही सह्या केल्या. मीही. वाचा, असं सर म्हणाले नाहीत म्हणून मी वाचलं नाही. यात माझीही चूक आहे, हे मला मान्य आहे.

त्यानंतर काही दिवसांनी सर आम्हाला ठाण्याच्या वागळे इस्टेटला घेऊन गेले. पुढे नोकऱ्या कुठे आहेत ते बघून ठेवा, म्हणाले. बस माजिवड्याला बराच वेळ अडकली तेव्हा सगळे कंटाळले होते, सर मात्र खिडकीतून एकेक बिल्डिंग दाखवत कुठे पूर्वी कसला कारखाना होता ते सांगत होते. एका काचेच्या इमारतीच्या फाटकासमोर त्यांनी आम्हाला उभं केलं. पूर्वी त्या आवारात एक मोठा कारखाना होता आणि सर तिथे टेलिफोन ऑपरेटर होते. वॉचमन आत सोडत नव्हता. मग फाटकाबाहेर उभं राहूनच त्यांनी ते सांगितलं. त्यांच्याबद्दलची एवढीच जुनी माहिती मला आहे.

"चौदा वर्षं मी बोर्डावर होतो," ते म्हणाले. "फोन आला की आवाजावरून कळायचं, कुठे जोडायचा. घाबरलेली बायको असली तर ऑफिसात नाही, थेट खात्यात जोडायचो, नवऱ्यापर्यंत. एक दिवस भिंतीवर डबा बसवला. फोन आपोआप जोडणारा. साहेब म्हणाले, टिपणीस, याला सगळे नंबर तुम्हीच समजावून द्या, तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे. मी खूश झालो. आठ दिवस बसून सगळं शिकवलं. नवव्या दिवशी गेलो तर माझी खुर्ची उचललेली."

कुणीतरी विचारलं, "सर, आधी कुणी सांगितलं नाही?"

"नाही. कँटीनच्या पोऱ्यालासुद्धा माहीत होतं, मला नव्हतं." मग ते आमच्याकडे वळले. डोळे उघडे होते. "म्हणून मी तुम्हाला शिकवतो. तुमच्या बाबतीत असं होणार नाही. काही येत असेल तर मी तुम्हाला आधी सांगेन."

फाटकाच्या जाळीला धरून भावेश हळूच म्हणाला, "मानूस खरा हाय." मीही तेच मनात म्हणत होते.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि त्याच इमारतीतल्या एका कंपनीची मुलाखत आली. परदेशी कंपन्यांचे फोन घेणारी कंपनी. मी आणि भावेश एकत्रच गेलो. आईने कानातले नवे दिले होते. रसिका नावाच्या मॅडम होत्या, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, डोंबिवलीच्याच. चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फोन घ्यायचं काम आता आमच्याकडे मशीनच करतं. पण ते नीट बोलतंय का, हे ऐकणारे लागतात. थोड्याच जागा आहेत. मी वीस आवाज ऐकवते. माणूस की मशीन, एवढंच टिक करायचं. तुम्ही तर आवाजाचं शिकलायत ना?"

मला बरं वाटलं. डोळे मिटून ऐकायचं, हे तर सरांनीच शिकवलेलं. मी डोळे मिटले, मान जरा डावीकडे कलवली. पहिले सहा सोपे होते.

सातव्यात कुणीतरी म्हणालं, "अं… एक मिनिट हं, बघते."

मग म्हणालं, "तुमचं पार्सल नाशिकला पोचलंय." हे मी वाचलं होतं. त्या दिवशी मी पळत आले होते, 'नाशिकला' म्हणताना दम लागलेला, तो तसाच होता. आणि मग ती म्हणाली, "काळजी करू नका हं काका, मी आहे ना." हे वाक्य मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. आवाज माझा होता, माया पण माझ्यासारखीच होती. पण मी म्हटलेलं नव्हतं.

माझ्यासमोर दोन चौकोन होते. मी 'माणूस'वर टिक केलं. दुसऱ्यावर करायला हातच होईना.

तपासून झाल्यावर रसिका मॅडम म्हणाल्या, "छान. एकोणीस बरोबर. पण सातवा चुकला. मशीन आहे ते. सॉरी, सातवा ओळखणाऱ्यांनाच घेतात. सगळे तिथेच फसतात, आमचा सगळ्यात भारी आवाज आहे तो."

मला विचारायचं होतं. मी म्हणाले, "अं… एक मिनिट हं…"

मॅडमनी मान वर केली. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हळू आवाजात विचारलं, "कुठलं कॉलेज?" मी सांगितलं. "टिपणीस सरांच्या स्टुडंट?"

"तुम्ही ओळखता सरांना?"

"ते इथेच असतात ना, आठवड्यातून तीन दिवस. मशीनच्या आवाजांचे कोच आहेत. गेल्या वर्षापासून." त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. खुर्ची रिकामी होती. टेबलावर ज्येष्ठमधाची डबी होती आणि खुर्चीच्या पाठीवर मफलर घडी करून टाकलेला. सर बहुतेक जेवायला गेले होते.

भावेशही नापास झाला. त्याच्या यादीत तेराव्या ठिकाणी त्याला स्वतःच्याच आवाजातलं एक चिडलेलं गिऱ्हाईक ऐकू आलं होतं. नव्या मशीनला रागावलेल्या माणसाशी बोलायची सवय व्हावी म्हणून ते वापरतात म्हणे. खाली आल्यावर फाटकाजवळ तो म्हणाला, "अंकिता, माझा राग पन घेतला ना यांनी." मग हसला आणि मग बराच वेळ हसला नाही.

घरी मी सांगितलं, जागा भरल्या होत्या. वडील म्हणाले, "दुसरी बघू. सरांना विचार, ते सांगतील."

चार दिवसांनी कॉलेजात गेले. सर गोधडीच्या खोलीत एकटेच होते, वायरी गुंडाळत. खोली रिकामी करायची होती, काम पूर्ण झालं होतं म्हणे. मला बघून ते उभे राहिले. रसिका मॅडमनी त्यांना सांगितलं असणार.

येताना वाटेत मी बरंच काही ठरवलं होतं. भिंतीकडे तोंड करून बोलायची सवय, त्यामुळे त्यांच्याकडे बघून काही सुचेना. मी एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही म्हणालेलात, आधी सांगेन."

सर खुर्चीवर बसले. डोळे मिटले. मला वाटलं, आता सांगतील की माझा आवाज जमिनीवर पडला.

"त्यांनी मला शब्द दिला होता," ते म्हणाले. "आवाज देणाऱ्या मुलांना आधी घेऊ म्हणून. तोंडी होता."

"आणि तुम्हाला?"

त्यांचा हात गळ्याकडे गेला. मफलर नव्हता गळ्यात. त्यांचा गळा मी पहिल्यांदाच बघितला, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसाच होता.

"त्याच आवारात, अंकिता," ते शेवटी म्हणाले. "जिथे माझा बोर्ड होता, त्याच बाजूची खिडकी. वॉचमन सलाम करतो आता. तुमचे आवाज मी घेतले नसते तर दुसऱ्या कुणी घेतले असते. निदान माझ्या मुलांचे तरी…" पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. चुकीचं वाक्य अर्ध्यावर सोडा, पुरं करू नका, हेही त्यांनीच शिकवलेलं.

"मग ते एक मिनिट हं," मी विचारलं, "ते काढू नका म्हणालात, ते यासाठीच?"

हे विचारायलाच मी आले होते. नोकरीचं नव्हतंच मनात. दुसरी मिळेल, नाही मिळाली तर आईबरोबर शिवीन. पण ते एक वाक्य मी दोन वर्षं जपून ठेवलं होतं. मला तेवढं खरं हवं होतं.

सरांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. एरवी सर उत्तरासाठी कधी थांबत नसत.

"पहिल्यांदा म्हणालो तेव्हा नाही," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा… हो."

पहिल्यांदा वर्गात आणि दुसऱ्यांदा इथे, दोन्ही वेळा तुमचा आवाज मला सारखाच वाटला होता सर, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. "आईची गोधडी न्यायला आलेय," एवढं म्हटलं.

त्यांनी खिळ्यावरून ती काढली. गोधडी मोठी होती, एकट्याने घडी होत नाही. मी दोन टोकं धरली, त्यांनी दोन. झटकली तेव्हा ॲसिडच्या वासाची धूळ उडाली. मग आमच्या घरी करतो तसं, एकदा लांबून दुमडली, दुसऱ्यांदा दुमडली आणि मग ते टोकं घेऊन माझ्याकडे चालत आले. जवळ आल्यावर मी त्यांच्या हातातली टोकं घेतली. त्यांनी डोळे मिटलेले होते. हिरवा काठ वर येईल अशी त्यांनी शेवटची घडी नीट केली, त्यावरून एकदा हात फिरवला आणि बाजूला झाले.

दारातून मी मागे बघितलं. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिथे कुणाचा तरी आरसा राहिला होता. त्यात त्यांना मी दिसत असेन, पण ते हसले नाहीत.

घरी आईने गोधडी हातात घेऊन वास घेतला, उन्हात टाकायला उठली. म्हणाली, "परत दिली होय? झालं का गं सरांचं काम?"

"झालं," मी म्हणाले.